कान वाजणे हा रोगमुक्तीचा दाखला नव्हे

लाइम रोगावर प्रतिजैविक औषध चालू असताना ज्याचे कान वाजू लागतात त्याने तक्रार न करता समाधानच मानले पाहिजे, असे प्रतिपादन आमच्या न्यू जर्सीतील मराठी मंडळींपैकी एका बहुश्रुत गृहस्थांनी नुकतेच मोठ्या आत्मविश्वासाने केले. त्यांचा पक्ष थोडक्यात असा: औषधाने जंतू मरू लागले की त्यांच्या शरीरातून विष बाहेर पडते, त्या विषाने दुखणे काही काळ बळावते आणि कानातला नाद हे त्या बळावण्याचेच रूप असते, सबब नाद जितका मोठा तितका जंतूंचा संहार मोठा, आणि जो घाबरून डॉक्टरकडे धावतो तो भित्रा. साक्षीला त्यांनी कोकणातल्या आपल्या आजोबांनाही उभे केले. हिवतापावर कोयनेल घेताना कान वाजले म्हणजे औषध लागू पडले, असे ते म्हणत असत.

हे मत निरुपद्रवी असते तर आम्ही लेखणी उचलण्याची तसदी घेतली नसती. परंतु एक-दोन मिलिमीटरच्या गोचिडीपासून होणारा हा रोग आमच्या या मुलखात घरोघरी ठाऊक झालेला आहे, आणि रात्र रात्र कानात शिट्टी वाजत असताना अंथरुणावर बसून राहणाऱ्या माणसाला हा उपदेश ऐकवला जात आहे.

प्रथम त्या ‘बळावण्या’चा विचार करू. ही कल्पना गृहस्थांच्या पदरची नाही. १८९५ मध्ये यारिश यांनी आणि १९०२ मध्ये कार्ल हर्क्सहायमर यांनी, उपदंशाच्या रोग्यास पारा दिला असता त्याचे चट्टे आधी अधिकच भडकतात, हे नोंदवून ठेवले, आणि या भडकण्याला त्या दोघांचेच नाव पडले. पुढे १९८२ मध्ये बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटातून लाइम रोगाचा जंतू शोधून काढला, तो उपदंशाच्या जंतूचाच नागमोडी आप्त निघाला. आणि लाइमच्याही काही रुग्णांत औषधाच्या आरंभी अशी प्रतिक्रिया दिसते, हे आम्हांस मान्य आहे. पण तिला मुदत आहे. पहिली मात्रा पोटात गेल्यापासून चोवीस तासांच्या आत ती उद्भवते, ताप, हुडहुडी, डोकेदुखी, अंगदुखी या रूपांनी प्रकट होते आणि साधारणतः दिवसाभरात ओसरते. औषधाच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेल्या कर्णनादास हे नाव देणे म्हणजे मुदत संपलेल्या सनदेवर आपल्याच हाताने नवी तारीख घालणे होय. हर्क्सहायमर हे फ्रँकफर्टचे ज्यू त्वचारोगतज्ज्ञ. नाझींनी त्यांना म्हातारपणी टेरेझिनश्टाटच्या छावणीत डांबले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या माणसाने रुग्णाच्या अंगावरील चट्टा अन् चट्टा निरखण्यात आयुष्य वेचले, त्याच्या नावाचा आधार घेऊन रुग्णाची तक्रार न ऐकण्याचा उपदेश व्हावा, याची आम्हांस मनापासून खंत वाटते.

आता आजोबांची साक्ष. आजोबांविषयी आम्हांस आदर आहे, आणि त्यांचे निरीक्षणही खोटे नव्हते. त्यांच्या काळी डॉक्टरसुद्धा कान वाजू लागले की कोयनेलची मात्रा पुरी झाली असे समजत. परंतु त्या नादाने सिद्ध काय होत होते? एवढेच की, औषध रक्तात पुरेसे उतरले आहे. हिवतापाचा एकही जंतू ज्याच्या रक्तात नाही, अशा निरोगी माणसाने प्रतिबंधक म्हणून तेच कोयनेल भरपूर घेतले, तर त्याचेही कान वाजतात. मग तेथे कोणते जंतू मरत होते आणि कोणते विष सुटत होते, याचा जबाब आमच्या प्रतिपक्षाने द्यावा. याहून कठोर पुरावा क्षयाच्या इतिहासात आहे. आमच्या याच न्यू जर्सीत, रटगर्स येथील वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, आणि पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील क्षयरोग्यांनी त्याची इंजेक्शने घेतली. त्यांपैकी काहींचे कान वाजू लागले, काहींचा तोल गेला, काहींना कायमचे बहिरेपण आले. यात भयंकर गोष्ट ही की, ज्यांच्या फुप्फुसातील जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते, त्यांच्याही कानांना औषधाने सोडले नाही. जंतू सुखरूप राहिले आणि कान गेले! नाद हा जंतूंच्या मरणाचा दाखला असता, तर अशा एकाही रुग्णाचे कान वाजायला नको होते. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी औषधाने दुखावतात, त्यांना जंतूंच्या जगण्यामरण्याची खबर नसते; आणि त्या एकदा मेल्या म्हणजे माणसात पुन्हा उगवत नाहीत.

लाइमवर स्ट्रेप्टोमायसिन देत नाहीत, हे आम्ही जाणतो. बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, रोगाच्या आरंभी दहा ते एकवीस दिवस. आणि ते कानाला त्या मानाने सौम्य आहे. पण क्वचित या औषधाने कवटीच्या आतील दाब वाढतो. मग डोके दुखते, दृष्टी धूसर होते, आणि कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं सूं असा आवाज येऊ लागतो. वेळीच उपाय न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. असा आवाज ऐकणाऱ्या रुग्णाला ‘आनंद माना’ असे सांगणाऱ्याची जबाबदारी किती मोठी आहे, हे त्याने स्वतःच ठरवावे.

नाद थांबेपर्यंत महिनोन्‌महिने औषध चालू ठेवा, हे त्या गृहस्थांचे आणखी एक उपकलम. जुन्या तक्रारींसाठी ९० दिवस प्रतिजैविके देऊनही ती निरौषधी गोळीहून सरस ठरली नाहीत, हे २००१ मध्येच प्रसिद्ध झालेले आहे. कानात लसणाचे तेल घालण्याच्या त्यांच्या सूचनेला आम्ही उत्तर देत नाही.

मग करावे काय? कान वाजू लागले की औषध आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने सोसतही बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे. नाद एका कानात की दोन्ही, अखंड की नाडीबरोबर, औषधाच्या कितव्या दिवशी सुरू झाला, हे कागदावर लिहून न्यावे, आणि घरात पोटात जाणाऱ्या झाडून साऱ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवावी. कारण सांधे दुखतात म्हणून भरमसाट घेतलेल्या ॲस्पिरिननेही कान वाजतात, ॲझिथ्रोमायसिनने क्वचित ऐकणे मंदावते, मिनोसायक्लिनने भोवळ येते, आणि याच गोचिडीतून येणाऱ्या बबेसियाच्या तीव्र दुखण्यावर कधी कधी आजोबांचे ते कोयनेलच द्यावे लागते. श्रवणाची तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले किंवा नादासोबत नजर धूसर झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

रात्रीचा प्रश्न मात्र निराळा आहे. दिवसाच्या गलबल्यात दबलेला नाद निजानीज झाल्यावर एकटाच उरतो आणि म्हणून मोठा भासतो. तेव्हा खोली अगदी निःशब्द करून कानात बोळे घालणे हा सर्वांत वाईट उपाय होय. उशाशी पंखा चालू ठेवावा, किंवा यंत्रावरील तंबोरा नादापेक्षा किंचित खालच्या आवाजात लावून द्यावा, म्हणजे मेंदूला लक्ष दुसरीकडे वळवायला जागा मिळते. आणि औषधच दोषी ठरले, तर गर्भवतींना व ज्यांना डॉक्सिसायक्लिन सोसत नाही त्यांना एरवीही देतात ते ॲमॉक्सिसिलिन आहे, सेफ्युरॉक्सिम आहे. बदल करणे डॉक्टरच्या हाती असते, मात्र त्यासाठी रुग्णाची तक्रार त्याच्यापुढे रुजू झालेली असावी लागते, आणि नेमकी तीच आमचे प्रतिपक्षी मधल्या मध्ये अडवून ठेवू पाहत आहेत.