चुन्याचा गिलावा आणि सिमेंटची मक्तेदारी

जुन्या घराच्या आतल्या भिंतींचा गिलावा सुटू लागला की आज खेड्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत एकच सल्ला मिळतो : सगळे खरवडून काढा आणि सिमेंट मारा. हा सल्ला कंत्राटदार देतो, अभियंता देतो, आणि आता आपल्या चळवळीतील काही मित्रही तो प्रगतीच्या नावाने देऊ लागले आहेत. चुना ही सरदार-सावकारांच्या वाड्यांची हौस, सिमेंट हे सामान्य माणसाचे साधन, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून नाही; समाजवादी तर मुळीच नाही.

मातीत बांधलेली जुनी दगडाविटांची भिंत जमिनीतून ओल ओढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा घट्ट थर तिची वाट अडवतो. मग ओल भिंतीतच साठते, वर चढते, क्षार फुलतात आणि काही पावसाळ्यांनंतर सिमेंटची खपली विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येते. त्यावर पुन्हा सिमेंट, पुन्हा जलरोधक रसायन, पुन्हा रंग. घरधन्याच्या खिशातून वारंवार निघणारा हा पैसा कोठे जातो, हे विचारणे आपले काम आहे.

नवख्याला चुना जमत नाही, असेही सांगितले जाते. काम काय आहे ते पाहावे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा. पाण्यात चुना घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळून उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. मग तो गाळून पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा. दुकानातील जुनी फक्की घेऊ नये, ती हवेने आधीच निकामी झालेली असते. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली, खरखरीत वाळू. भिंत ओलसर असेल तर थोडी सुरखी. भिंत आदल्या दिवसापासून भिजवावी, नाहीतर कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि गिलावा भुसभुशीत होतो. एक थर सेंटिमीटरभराहून जाड नसावा. तो आवळला की त्यावर रेघा ओढून दुसरा द्यावा. बारीक भेगा पडल्या तर थर पुरता कडक होण्यापूर्वी थापीने दाबून मिटवता येतात. सिमेंट काही तासांत घट्ट होऊन बसते. चुना शिकणाऱ्याला वेळ देतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश पुन्हा चुनखडी बनतो आणि त्यासाठी ओलावा लागतो, म्हणून ओले गोणपाट लावून भिंत दमट ठेवावी लागते. थोडक्यात, येथे श्रम अधिक, वेळ अधिक, भांडवल कमी.

खरी गोम येथेच आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजते; त्यासाठी गावची भट्टी पुरते. लोणारी समाजाची कित्येक कुटुंबे या धंद्यावर जगली. सिमेंटला सुमारे १४५० अंश लागतात, म्हणजे प्रचंड कारखाना लागतो, आणि कारखान्यामागून मक्तेदारी येते. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. परवान्यांच्या काळात न्यासाच्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले. खुल्या बाजारात स्पर्धा येईल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आली ती संगनमताची किंमत : २०१२ साली स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना ६,००० कोटींहून अधिक दंड ठोठावला, २०१६ मध्ये पुन्हा ठोठावला, आणि २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. मुंबईच्या चुनाभट्टीचे मात्र नाव तेवढे उरले.

जुन्या भट्ट्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे मजुराचे हात भाजत, छातीत धूळ जाई आणि मजुरी तुटपुंजी असे. भाजताना निघालेला वायू गिलावा बराचसा परत घेतो, पण जळणाचा धूर परत घेत नाही. सिमेंटशी वैरही नाही; धरणाला आणि स्लॅबला ते हवेच. पण जेथे ते अपाय करते तेथेही तेच लादले जाणे, ही निवड नव्हे. चुन्याचा गवंडी नाहीसा होत चालला आहे आणि जो उरला आहे तो धनिकांच्या शेतघरांच्या भिंती चढ्या मजुरीवर करतो. ‘वाड्यांची हौस’ ही स्थिती चुन्याच्या अंगची नव्हे, ती बाजाराने निर्माण केली आहे.

मानके नाहीत ही सबबही चालणार नाही. बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस ७१२ आणि चुन्याच्या गिलाव्यासाठी आयएस २३९४ ही भारतीय मानके आहेत. नगरपरिषदांतील आपल्या सदस्यांनी जुन्या शाळा, दवाखाने, चावड्या यांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांत चुन्याच्या गिलाव्याचा आग्रह धरावा, त्याचा दर मजुरीच्या दिवसांवर ठरवून घ्यावा, आणि प्रत्येक कामावर म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली चार शिकाऊ, त्यांत स्त्रियाही, पूर्ण मजुरीने घ्यायला लावावे. भट्टी सहकारी असावी आणि तेथील कामगाराला मुखपट्टी व विमा मिळावा. सुरुवातीला शाळेची एक खोली पुरे. उन्हाळ्यात चुना विरवून ठेवला तर पावसाळा सरताच काम धरता येईल.