प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?

दरवर्षी जून उजाडला की सीमाभागातल्या मराठी शाळांच्या कचेरीत दाखल्यांसाठी रीघ लागते. बारावी झालेला मुलगा, सोबत वडील नाहीतर चुलते, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. वादग्रस्त सीमाभागातील रहिवासी असल्याचा दाखला, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील मराठी उमेदवारांचा वेगळा प्रकार मानला जातो आणि त्यासाठी हे कागद लागतात. ही सवलत मोलाची आहे. तिच्यामुळे शेतकऱ्याची, विडी कामगाराची मुले इंजिनिअर झालेली आपण आपल्या गावात पाहतो.

पण यादीत नाव लागले की आपण पेढे वाटतो आणि तिथेच थांबतो. त्या मुलाने चार वर्षे राहायचे कुठे, जेवायचे काय, संध्याकाळी पाचनंतर करायचे काय, हा प्रश्न आपल्या एकाही निवेदनात सापडत नाही. सभांमधून आपण प्रवेशाच्या जागा मागितल्या, शुल्कात सवलत मागितली, पाठ्यपुस्तके मागितली. कॉट मात्र कधी मागितली नाही. भाषेच्या लढ्यात कॉटचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे.

निपाणी भागाचेच घ्या. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. साहजिकच निपाणी आणि आसपासच्या खेड्यांचा ओढा कोल्हापूरकडे. निपाणीला लागून अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे, ते तर सीमाप्रश्नाचे चालते-बोलते चित्रच! जमीन कागल तालुक्याची, म्हणजे महाराष्ट्राची, विद्यापीठ शिवाजी, आणि टपालाचा पत्ता व्हाया निपाणी. विद्यार्थी एका राज्यात झोपतो आणि दुसऱ्या राज्यात शिकतो, चालत जाऊन चालत परत येतो. तिथवर ठीक आहे. पण पदवीनंतर एम.ए., एम.एस्सी.साठी किंवा इंजिनिअरिंगसाठी कोल्हापूर गाठायचे म्हटले की दोनच वाटा उरतात. ज्याच्या घरी ऊस आहे तो राजारामपुरीत नाहीतर राजेंद्रनगरात कॉट बेसिसवर खोली घेतो आणि मेस लावतो. ज्याच्या घरी ऊस नाही तो पास काढतो आणि रोज ये-जा करतो.

या पासवाल्या मुलाचा दिवस पाहा. पहाटे उठून स्टँड गाठायचा, कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर, तास, प्रात्यक्षिके आणि साडेचारपासून घड्याळाकडे डोळे. शेवटच्या बसची वेळ त्याला वेळापत्रकापेक्षा चांगली पाठ असते. विद्यापीठ खऱ्या अर्थाने सुरू होते ते पाचनंतर. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जागा धरायची, मैदानावर जायचे, गॅदरिंगच्या तालमी करायच्या, मेसच्या टेबलावर लातूरच्या नाहीतर रत्नागिरीच्या मुलाशी वाद घालायचा. नेमके त्याच वेळी आपला मुलगा बसच्या दांडीला लोंबकळत परत येत असतो. त्याला पदवी मिळते, विद्यापीठ मिळत नाही. मराठी भाषेच्या दृष्टीने हे नुकसान साधे नव्हे. आपल्या मुलांची मराठी घरातली, शेतातली, देवळातली. ती प्रौढ होते, वादविवादाची, शास्त्राची, नाटकाची होते ती याच वयात आणि याच संध्याकाळच्या वेळात.

आणि बस तरी भरवशाची कुठे आहे? डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि महाराष्ट्राच्या एसटीने कर्नाटकातील फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून बसच्या वाहकाला मारहाण झाल्याचे प्रकरण चिघळले आणि पुन्हा दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवरच अडकल्या. पुढाऱ्यांची निवेदने वर्तमानपत्रात आली, दोन्हीकडून आली. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या पोराने त्या दिवशी काय केले, याची बातमी कोणी छापली नाही. सीमा तापली की पहिला चटका पासवाल्या विद्यार्थ्याला बसतो. वसतिगृहात राहणाऱ्याला तो बसत नाही.

या दुखण्यावरचा उपाय आपल्याच शेजारच्या गावी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सापडलेला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या लक्षात आले की खेड्यातला मुलगा कोल्हापुरात शिकायला येत नाही, कारण त्याला डोके टेकायला जागा नाही. ब्राह्मण मुलाला माधुकरी मागता येत असे, वार लावून जेवता येत असे. कुणब्याच्या, जैनाच्या, महाराच्या मुलाला कोण वार देणार? म्हणून १९०१ साली मराठा बोर्डिंग निघाले, त्याच साली जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जातवार वसतिगृहे का, असा आक्षेप आज सहज घेता येतो. पण त्या काळी माणसे दान देत ती आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी, हे महाराजांनी ओळखले होते. आधी मुले राहू देत, जेवू देत, बाकीचे मागाहून पाहू, असा तो व्यवहार होता. लिंगायत बोर्डिंगही त्यात होते, हे आपण आणि आपल्या कन्नड बांधवांनीही विसरू नये.

त्यातल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्याला शुद्धीची आंघोळ करायला सांगण्यात आले. तो ऐकेना, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांनी स्वतः दळायचे, रांधायचे, राबायचे आणि शिकायचे. भाऊरावांचे शाळेतले शिक्षण फार झाले नव्हते. पण वसतिगृह माणसाला काय शिकवू शकते हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल असे वाटत नाही.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांच्या नावाच्या विद्यार्थी भवनात कमवा व शिका योजना चालते. काही तास विद्यापीठाचे काम करायचे, त्या बदल्यात राहण्या-जेवण्याची सोय. मुलींसाठीही अशी सोय आहे. आपल्या खेड्यांतल्या किती पालकांना हे माहीत आहे? मी विचारून पाहिले. बहुतेकांना मुंबईतल्या कॉल सेंटरची माहिती अधिक होती. तरी एवढ्याने भागणार नाही. विद्यापीठाची वसतिगृहे मुख्यतः आवारातल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी. शहरातल्या संलग्न महाविद्यालयात किंवा खासगी इंजिनिअरिंगमध्ये शिकणाऱ्याला तिथे थारा नाही.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. बेळगाव, खानापूर भागातले सगळेच विद्यार्थी कोल्हापूरला जाऊ शकत नाहीत, जाणारही नाहीत. पूर्वी त्यांना धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ होते, २०१० पासून बेळगावजवळ भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. तिथे मराठीचा विभाग आहे. तिथल्या वसतिगृहात राहायला आपला मुलगा बिचकतो, मेसवरची कन्नड पाटी पाहून मागे फिरतो आणि वडगाव, येळ्ळूरहून ये-जा करत राहतो. माझे मत काही सहकाऱ्यांना रुचणार नाही, तरी सांगतो. त्याने तिथे राहावे. विजापूर-बागलकोटच्या मुलाबरोबर जोळद रोट्टी खावी, त्याची कन्नड शिकावी आणि त्याला आपली मराठी शिकवावी. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खोलीतल्या जोडीदाराची भाषा आल्याने तो दावा कमकुवत होत नाही.

खेळाचा विषय निघाला की मला आणखी एक गोष्ट खटकते. आंतरविद्यापीठ स्पर्धांत शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात, राणी चन्नम्मा दक्षिण विभागात. म्हणजे एकाच गावच्या तालमीत वाढलेले दोन कबड्डीपटू, एक कोल्हापूरला गेला आणि एक भूतरामनहट्टीला, तर ते एकमेकांसमोर येणार थेट अखिल भारतीय स्पर्धेतच. येऊ देत की! पण विद्यापीठाच्या संघात निवड होण्यासाठी सकाळ-संध्याकाळ मैदानावर असावे लागते, आणि शेवटची बस पकडणाऱ्याला ते जमत नाही. बेळगावच्या बंडू पाटलांनी १९६४ साली तोक्योला हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले, ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गुरू असा असावा, हे खरेच. पण प्रत्येक पोराला खर्डेकर भेटत नाहीत.

मुलींचे तर बोलायलाच नको. मुलगा एकवेळ चार जणांत खोली करून राहील. मुलीला वसतिगृह मिळाले तर ती शिकते, नाही मिळाले तर बारावीनंतर स्थळ पाहायला सुरुवात होते. शिक्षक म्हणून हे आम्ही डोळ्यांसमोर पाहतो. चांगल्या गुणांची मुलगी, प्रवेश नक्की, आणि वडील म्हणतात, ‘सर, ठेवू कुठे?’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसते.

म्हणून मागणी सरळ आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात स्वतंत्र वसतिगृह बांधावे, त्यातले निम्मे मुलींसाठी असावे आणि मेस त्यातच असावी. २०२३ साली याच ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करण्याचे ठरले. आजारी माणसाची सोय होते तशी शिकणाऱ्याची व्हायला कोणती अडचण आहे? मुंबईहून मंत्री येतात, सीमावासीयांच्या पाठीशी असल्याचे सांगतात. पुढच्या वेळी त्यांच्या हातात हाराऐवजी या वसतिगृहाचे निवेदन ठेवू.

त्या निवेदनाला आकडे लागतील आणि ते आपल्यालाच गोळा करावे लागतील. प्रत्येक गावच्या समितीने दिवाळीपर्यंत एक वही करावी. गावातून किती मुले-मुली बाहेर शिकतात, कोण कोल्हापूरला, कोण बेळगावला, कोण धारवाडला. राहतात कुठे, मेसला महिना किती देतात, रोज ये-जा किती जण करतात आणि खोली मिळाली नाही म्हणून शिक्षण सोडले कोणी. शेवटचा रकाना मोकळा ठेवू नये. त्यासाठी दारोदार विचारावे लागले तरी चालेल. वह्या तालुका शाखेत जमा कराव्यात, तिथून त्या मध्यवर्ती समितीकडे जातील. मार्चच्या अधिवेशनाआधी हे काम झाले पाहिजे.