गावठी कोंबडी उरलीय ती पाट्यांवर

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि कोंबडीवर आहे. हसून पुढे सरकू नका. शेवटी गावोगावच्या पंचायतीकडे एक मागणीही आहे.

गेल्या रविवारी बाईकवरून चौकहून कर्जत आणि पुढे कशेळ्यापर्यंत आलो. जाता जाता पाट्या मोजत होतो. ‘गावठी कोंबडी मिळेल’, ‘चुलीवरची भाकरी आणि गावठी चिकन’, ‘घरगुती गावठी थाळी’. कर्जत फाटकापर्यंत येईतो मोजणं सोडून दिलं. मग घरी आलो आणि आमच्या आळीतली खुराडी मोजली. तीसेक घरं आहेत, कोंबड्या चार घरांत. त्यातली खुडूक होऊन अंड्यांवर बसलेली कोंबडी फक्त आमच्याकडे.

मग एवढ्या पाट्यांना पुरेल इतकी गावठी येते कुठून? येते टेम्पोतून. हॅचरीतून एक दिवसाची रंगीत पिल्लं आणायची, शेडमध्ये कंपनीच्या खाद्यावर अडीच-तीन महिने वाढवायची, तांबडी-काळी पिसं आली की झाली गावठी. शेड चालवणाऱ्यांवर माझा राग नाही. आपलीच पोरं आहेत, कर्ज काढून धंदा करतात. खाण्यातही काही वाईट नाही. पण तिला गावठी म्हणू नका. खरी गावठी सहा-सात महिने उकिरडा, परसू आणि खळं उकरून खाते तेव्हा कुठे सव्वा-दीड किलो भरते. चुलीवर तासभर शिजली तरी हाडाला धरून असते. वीस मिनिटांत हाड सुटलं की समजून जा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी बघितलं असेल, पण आता पोरांना सांगावं लागतं. कोंबडी पंधरा-वीस अंडी घालते आणि मग अचानक घालायची थांबते. खुराड्यातून उठत नाही, जवळ गेलं की अंग फुगवून खुर्रर करते. ती खुडूक झाली. आजी मग जुन्या पाटीत राख पसरायची म्हणजे पिसवा होत नाहीत, वर भाताचा पेंढा, आणि दहा-बारा ताजी अंडी मांडायची. आठवड्याहून जुनं अंडं ठेवायची नाही. कडेला एक लोखंडी खिळा, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. खिळ्याने काय होतं मला माहीत नाही, पण मीही ठेवतो. आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, स्वच्छ दिसलं तर बाजूला. एकविसाव्या दिवशी चिवचिवाट. या सगळ्यात वीज नाही, मशीन नाही, एक रुपया खर्च नाही. तापमान, ओल, अंडी फिरवणं सगळं ती बाई बघते. दिवसातून एकदाच उठते, चार दाणे खाते, पाणी पिते आणि परत बसते. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वादळात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. शेजारच्या गावात एकाची उबवणी मशीन अशीच अठराव्या दिवशी थंड पडली. आमची कोंबडी बसलेलीच होती.

आता सरकारी योजनेकडे येतो.

जिल्ह्याच्या योजनेत 50 टक्के अनुदानावर तलंगांचा गट मिळतो, 25 माद्या आणि 3 नर. नाहीतर एक दिवसाची 100 पिल्लं. त्याहून मोठी उडी मारायची तर राष्ट्रीय पशुधन अभियान आहे, 2021 पासून नव्या रूपात. तिथे किमान 1000 पक्ष्यांचं मूळ कळप आणि हॅचरी उभारा, 25 लाखांपर्यंत अनुदान. म्हणजे 28 पक्षी बाहेरून आणणाऱ्याला योजना आहे, 1000 पाळणाऱ्याला आहे. घरच्या सात कोंबड्यांतून स्वतःचं बियाणं राखणाऱ्या बाईला कुठली आहे? मला तरी सापडली नाही.

सुधारित पक्षी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा चांगला विचार करून तयार केलेल्या जाती आहेत. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, या शंभराच्या पुढे जातात. शाळेतल्या पोराच्या ताटात रोज अंडं यायचं असेल तर हा हिशेब मोठा आहे, मान्य. पण अंडी वाढवायची म्हणजे खुडूक होणं कमी करावं लागतं, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. पिढ्यान्पिढ्या निवड करून ती सवयच काढून टाकली जाते. एका ठाकूरवाडीवरची ताई मला म्हणाली, “भाऊ, ती सरकारी कोंबडी अंडं टाकून निघून जाते, बसत नाय. आता परत पिल्लं आणायची तर पैसे कुठून?” शिवाय त्यांचे नर आपल्या माद्यांवर फिरले की पुढच्या तलंगाही बसेनाशा होतात. दोन-तीन वर्षांत पक्षी संपतात आणि खुराडं रिकामं राहतं, कारण जुनी गावठी तोवर विकलेली असते.

2019 साली कडकनाथच्या नावाने सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी कसे बुडाले ते आठवा. त्यात कोंबडीचा काय दोष? झाबुआची ती अस्सल जात, तिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घात झाला तो पिल्लं विकणारा दुसरा, अंडी परत घेणारा दुसरा आणि मधला शेतकरी हातात काहीच नसलेला, या व्यवहारात.

आपल्या बाजूची गंमत बघा. कोकण कपिला गाय नोंदणीकृत जात आहे, कोकण कन्याळ शेळी आहे. भाताला तर तालुक्याचंच नाव आहे, कर्जत-3, कर्जत-7. कोंबड्यांत नंदुरबार-धुळ्याकडची बुसरा नोंदवली गेली. कोकणच्या कोंबडीची नोंद नाही. मानेवर पिसं नसलेली, उलट्या पिसांची, शेंडीवाली अशा सगळ्या आपल्या उकिरड्यावर फिरत होत्या. कुणी फोटोसुद्धा काढून ठेवला नाही.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. खांडसकडून भीमाशंकरच्या रानात चढताना पहाटे राखी रानकोंबडा ओरडतो, ऐकला असेल. 2008 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की पाळीव कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलाय. बाकी कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची लेक. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत सह्याद्रीत राहणाऱ्या या पक्ष्याचा अंश आहे. आणि आपण पिल्लं आणतो टेम्पोतून!

मरण कशाने येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मानमोडीने. राणीखेत रोग. पावसाच्या तोंडाशी किंवा थंडी संपता संपता येतो आणि आठ दिवसांत वाडी साफ करतो. मागच्या वर्षी माझ्या 19 पैकी 4 राहिल्या. लस आहे, स्वस्तही आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात थेंब, सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण कुठे आहे सांगू? बाटली 100 मात्रांची, ती बर्फात आणायची आणि फोडली की दोन तासांत संपवायची. घरात पक्षी नऊ. 91 मात्रा फेकायच्या का? मग कोणी आणतच नाही. मानमोडी एका घरात शिरली की सगळ्या आळीत फिरते, त्यामुळे एकट्याने लस देऊन सगळी आळी वाचत नाही.

हे कोडं सुटणारं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात उष्णता सहन करणारी आय-2 नावाची लस तयार झाली आणि टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांत ती गावातल्या बायाच डोळ्यात थेंब टाकून देतात. दर चार महिन्यांनी, गावाचा एक दिवस ठरवून. आपल्याला नवी लस आणायची वाट बघायलाही नको. आहे तीच बाटली घ्या, वाडीचा दिवस ठरवा, थर्मासमध्ये बर्फ घाला, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर फिरा. पोलिओचे डोस आपण असेच दिले ना?

सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येणार नाही. गटारीला आपण काय करतो? खुराड्यातला सगळ्यात भारी, उंच, तुरेबाज कोंबडा काढतो आणि आठशे-हजाराला देतो. मागे राहतो तो मरतुकडा. पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच. भाताचं बियाणं राखताना कोणी पोचट दाणा ठेवतं का? आणि तोच कोंबडा चार-चार वर्षं आपल्याच लेकींवर फिरतो. आजीच्या वेळी बाया माहेरी गेल्या की तिकडून कोंबडा बदलून आणायच्या. वाट्याने कोंबडी द्यायच्या, पिल्लं झाली की अर्धी तुझी, अर्धी माझी. यात रक्त आपोआप बदलत राहायचं. आता माहेरी जाताना आपण मिठाई नेतो.

आणि खळंच राहिलं नाही, हे मोठं कारण. भाताची जमीन गेली, फार्महाऊसची भिंत आली, आत दोन कुत्री. कोंबडी चरणार कुठे? याला उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे परसू शिल्लक आहे त्यांच्यापुरतं बोलतोय.

तर मागणी. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवहीत पाळीव जनावरांचं पान असतं. कर्जत आणि खालापूरच्या सरपंचांनी, सदस्यांनी आपापली वही उघडून बघावी, त्या पानावर कोंबडीबद्दल काय लिहिलंय. काही नसेल तर एका ग्रामसभेत विषय घ्या: कुठल्या घरात जुनी गावठी आहे, कोणाची कोंबडी बसते, फोटोसह नोंद. दुसरं, वर्षातून तीन लसीकरण दिवस, बचतगटाच्या दोन बायांना शिकवून आणि मानधन देऊन. तिसरं, तलंगा वाटपात ज्याला बसणारी गावठी हवी त्याला तालुक्यातल्याच घरांतून विकत घेऊन द्या. तो पैसा आपल्याच वाड्यांत राहील. खर्च एका स्वागत कमानीपेक्षा कमी येईल, हवं तर मोजून बघा.

आमच्याकडे सध्या दोन कोंबड्या बसल्यात, एक अकरा अंड्यांवर, दुसरी नऊवर. पिल्लं जगली तर पावसाळ्यानंतर तीन-चार नर देता येतील. विकायचे नाहीत, बदल्यात तुमचा चांगला नर हवा. उलट्या पिसांचा किंवा उघड्या मानेचा असेल तर मी घ्यायला येईन. कर्जत, खालापूर, नेरळ, कुठेही. फोटो पाठवा.