हरलेल्या माणसांचे सिनेमे

‘द डिसायपल’ फार स्लो आहे, असं मला आतापर्यंत निदान दहा मराठी माणसांनी सांगितलंय. त्यातले निम्मे इथले, बॉस्टनच्या आसपासचे, आणि निम्मे पुण्या-नाशिकचे नातेवाईक. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. ‘मान्सून वेडिंग’नंतर जवळपास वीस वर्षांनी तिथे पोचलेला पहिला भारतीय सिनेमा, आणि तोही मराठी. पटकथेचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज धडाधड पडले आणि चार दिवसांत विषय संपला. पूर्ण किती जणांनी पाहिला, हे विचारायची सोय नव्हती.

संथ आहेच तो, त्याबद्दल वाद नाही. पण हीच मंडळी दहा-दहा भागांची वेब सीरिज एका वीकेंडला संपवतात, त्यामुळे वेळेची तक्रार मला खरी वाटत नाही. मला वाटतं, खुपतं ते वेगळंच. यातला नायक प्रामाणिकपणे कष्ट करतो आणि तरीही त्याला ते जमत नाही.

शरद नेरूळकर शास्त्रीय गाणं शिकतो. गुरूंची सेवा करतो, त्यांचे पाय चेपतो, नोकरी-लग्न लांबवतो. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून बाईक चालवताना त्याच्या कानात माईंची व्याख्यानं चालू असतात: साधना कशी असावी, मन कसं शुद्ध असावं. (तो आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या काही दिवस आधीच त्या गेल्या.) वर्षं जातात, पोट सुटतं, आणि हळूहळू त्याला कळतं की आपण वाईट गात नाही, पण पुरेसं चांगलंही गात नाही. कुणी खलनायक नाही, कुणी अन्याय केलेला नाही. फक्त देणगी थोडी कमी पडली. एका मैफलीत तो गाता गाता मध्येच उठून जातो. मला तो प्रसंग अजून नीट बघवत नाही.

याच्या शेजारी ‘व्हिपलॅश’ ठेवून बघा. २०१४ चा, तोही स्वतंत्र निर्मितीचाच, तोही गुरू-शिष्याचा आणि संगीताचा. पोराचे हात रक्तबंबाळ होतात, मास्तर शिव्या घालतो, आणि शेवटी असा काही ड्रम वाजतो की आपण खुर्चीच्या टोकाला येतो. भारी सिनेमा आहे, मी तीनदा पाहिलाय. पण त्याच वर्गात मागे बसलेल्या, तेवढेच तास घासलेल्या बाकीच्या पोरांचं काय झालं, हे तो विचारत नाही. ‘द डिसायपल’ फक्त तेवढंच विचारतो.

आपल्याला इथे हा प्रश्न जास्त टोचतो, असं माझं मत आहे. परदेशात आलेल्या माणसाची गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते: शिकला, आला, घर घेतलं. आमच्या ओळखीत एक जण आहे, कॉलेजात असताना गाण्याच्या स्पर्धा जिंकायचा. आता गणेशोत्सवात एक अभंग म्हणतो, टाळ्या घेतो आणि परत प्रसादाच्या रांगेत येऊन उभा राहतो. त्याला कुणी कधी विचारलं नाही की गाणं का सोडलंस. गंमत म्हणजे सिनेमात गुरूंची भूमिका केलेले डॉ. अरुण द्रविड हे स्वतः केमिकल इंजिनिअर, इथल्या एमआयटीत शिकलेले, आणि तरीही किशोरीताईंचे शिष्य. म्हणजे दोन्ही जमलेला माणूस न जमलेल्याचा गुरू झालाय!

बाबांना मी तो लावून दिला तेव्हा अर्ध्यातच त्यांचा फोन. “अरे, पुढे काही होतं का?”

म्हटलं, “नाही.”

“मग बघायचं कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी परत फोन आला. बघून झाला होता. सिनेमाबद्दल काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तीनदा एमपीएससी दिली होती, तुला माहितीये का? तिसऱ्यांदा इंटरव्ह्यूपर्यंत गेलो होतो.” मला माहीत नव्हतं. मी चौतीस वर्षांचा आहे आणि आमच्या घरात हा विषय एकदाही निघाला नव्हता. आईला माहीत होतं म्हणे. पुढे अर्धा तास ते त्या इंटरव्ह्यूबद्दल बोलत होते. काय घातलं होतं, कुणाची पँट मागून आणली होती, सगळं.

इंग्रजीत मला याच जातीचा वाटतो तो केनेथ लोनर्गनचा ‘मँचेस्टर बाय द सी’ (२०१६). तो घडतो इथेच, मॅसॅच्युसेट्समध्ये. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. लीच्या हातून पूर्वी एक भयंकर चूक झालेली आहे आणि त्यात त्याची मुलं गेली आहेत. आता भाऊही जातो आणि पुतण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आपण वाट बघतो की पुतण्याच्या मायेने हा माणूस सावरेल. तो सावरत नाही. गावात राहणं आपल्याला झेपणार नाही, असं साधेपणाने सांगून तो पुतण्याची दुसरीकडे सोय लावतो आणि परत जातो.

यातला सगळ्यात हलवणारा तपशील हवामानाचा आहे. थंडीत जमीन इतकी गोठलेली असते की दफन करता येत नाही, म्हणून भावाचा मृतदेह वसंत येईपर्यंत शीतगृहात ठेवावा लागतो. पुतण्याला त्याचं काही वाटत नाहीसं दिसतं. आणि मग एका रात्री घरच्या फ्रीझरमधून गोठलेलं चिकन खाली पडतं आणि पोरगा कोसळतो. इथल्या हिवाळ्यात राहिल्यावर तो प्रसंग वेगळाच कळतो. एक तक्रार आहे: आगीच्या प्रसंगावर अल्बिनोनीचं संगीत इतकं ओतलंय की दिग्दर्शकाचा स्वतःच्या दृश्यावर विश्वास नव्हता की काय, असं वाटतं. बाकी सिनेमा इतका संयमी असताना ते फारच खटकतं.

संथ आणि दुःखी असलं की सिनेमा चांगलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. खिडकीतून बाहेर बघणारं पात्र तीन मिनिटं दाखवलं की खोली येते, असा समज असलेले दिग्दर्शक महोत्सवांत पैशाला पासरी मिळतात. ‘नोमॅडलँड’लाही ऑस्कर मिळालं, फ्रान्सिस मॅकडोर्मंड अप्रतिमच आहे, पण त्यातलं म्हातारपणी गोदामात राबणं मला फार मऊ, फार सोनेरी उजेडातलं वाटलं. संध्याकाळचं आकाश सुंदर दिसलं की प्रश्न विसरायला होतो. ताम्हाणेच्याच ‘कोर्ट’मध्ये बघा, मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराची विधवा साक्ष देते तेव्हा कॅमेरा जागचा हलत नाही, संगीत नाही. ती सरळ उत्तरं देत जाते आणि आपल्याला आपलीच लाज वाटायला लागते.

आमच्या मंडळात वर्षाला दोन-तीन मराठी सिनेमे लागतात. बहुधा विनोदी किंवा ऐतिहासिक. तिकिटं खपायला हवीत, हॉलचं भाडं निघायला हवं, हे मलाही कळतं. पण २०२५ मध्ये रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्समध्ये परदेशी कथापटांतलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला, लग्न का करत नाहीस म्हणून नातेवाइकांनी घेरलेला मुलगा, अशी ती गोष्ट. आपल्यातल्या किती जणांना तो गावचा प्रवास, ते प्रश्न आणि परतीच्या तारखेचं गणित पाठ आहे! कमिटीला मी सुचवलंय: मोठा हॉल नको, लायब्ररीची छोटी खोली घेऊ, चहा ठेवू, सिनेमा संपल्यावर तासभर बसू. चाळीस खुर्च्या भरल्या तरी पुष्कळ.