क्षेत्र : दोन. दोन काय?

२०२० साली महाराष्ट्र शासनाने सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाशेजारी गावाचा संकेतांक आला. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आणि बिनशेतीचे आर-चौरस मीटरमध्ये, असे एकक छापले जाऊ लागले. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख दिसू लागली, आणि एकही फेरफार प्रलंबित नसेल तर तेही स्पष्ट लिहिले जाऊ लागले. महसूल खात्याने हे केले ते माणसांसाठी. पण एआय एजंटांच्या हाती टूल देणाऱ्या आपल्या व्यवसायाने तो कागद समोर ठेवून बसावे. रिकामी जागा आणि ‘नाही’ यांतला फरक त्यात ज्या काटेकोरपणे पाळला आहे, तो आपल्या बहुतेक एपीआयमध्ये सापडत नाही.

भंडारा जिल्ह्यातला धान उत्पादक घ्या. हमीभावाने धान विकायचे तर नोंदणीला सातबारा लागतो, आणि त्यावर धानाची पीकनोंद लागते. २०२४-२५च्या खरिपात शासनाने प्रोत्साहनपर रक्कम क्विंटलवर न देता हेक्टरवर ठरवली : हेक्टरी २० हजार रुपये, कमाल दोन हेक्टरपर्यंत. आता समजा, या रकमेचा हिशेब करणारे एक टूल आपण लिहिले आणि त्याच्या वर्णनात एवढेच म्हटले की ‘क्षेत्र द्या, रक्कम मिळवा’. शेतकरी बोलतो एकरात. ‘माझी दोन एकर आहे,’ असे त्याने सांगितले की एजंट ‘२’ हा आकडा पुढे सरकवू शकतो. उत्तर येते ४० हजार. खरी रक्कम १६ हजारांच्या आसपास. गंमत अशी की कमाल मर्यादेची तपासणीही ही चूक पकडत नाही, कारण दोन हा आकडा मर्यादेत बसतो. खरेदी केंद्रावरचा कारकून इथे थबकला असता आणि ‘एकर की हेक्टर?’ असे विचारून मोकळा झाला असता. एजंटही विचारू शकतो, पण त्यासाठी विचारण्याजोगे काही आहे हे वर्णनाने त्याला सांगावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, मॉडेलला टूल जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये मुख्यतः टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा मॉडेलपुढे येतो. आतला कोड त्याला दिसत नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा अनुभवी सहकारीही नाही. म्हणून हे वर्णन प्रोग्रामचाच भाग मानले पाहिजे.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की मॉडेल दर काही महिन्यांनी हुशार होत आहेत, ती समजून घेतील. पण ‘२’ या आकड्याचे एकक हुशारीने कळत नाही. ते लिहिलेले असते किंवा नसते. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलेला अनुभव इथे उपयोगी आहे. कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलच्या सापेक्ष पत्त्यांत चुकत असे. त्यांनी मॉडेलला उपदेश करण्याऐवजी टूलच बदलले आणि पूर्ण पत्ता सक्तीचा केला, चूक थांबली. सातबाऱ्यावरचा गावाचा संकेतांक नेमके हेच काम करतो. एकाच नावाची गावे कितीही असोत, प्रत्येकाचा संकेतांक वेगळा.

वाचणाऱ्या टूलपेक्षा लिहिणारे टूल अधिक जपून लिहावे लागते. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवण्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि २०२२च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. अशा व्यवस्थेवर एजंट बसवायचा तर ‘पीक नोंदवा’ हे दोन शब्द अपुरे आहेत. दुरुस्ती एकदाच, मुदत अमुक, मुदतीनंतर विनंती नाकारली जाईल, नाकारल्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये, आणि नोंदवण्याआधी शेतकऱ्याची संमती घ्यावी, हे तिथल्या तिथे हवे. त्रुटीसंदेशाचेही तसेच. ‘त्रुटी ४००’ वाचून एजंटने तीच विनंती परत पाठवण्याचा धोका असतो. ‘क्षेत्र हेक्टरमध्ये द्या, एकर स्वीकारले जात नाही’ वाचून तो सुधारतो.

लांबलचक वर्णने मॉडेलची संदर्भमर्यादा खातात, हा आक्षेप मात्र खरा आहे. पन्नास टूलांची पुस्तके एजंटच्या माथी मारली तर तो योग्य टूल निवडतानाच गोंधळेल. पण वर उल्लेखलेल्या गोष्टी मिळून चार-पाच ओळींच्या आहेत. वर्णने फुगतात ती ‘अत्याधुनिक, सर्वसमावेशक सेवा’ असल्या मजकुराने, आणि तो खुशाल काढून टाकावा. दुसरा आक्षेप अधिक अवघड : लिहिले म्हणून पाळले जाते असे कुठे आहे? १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर गमावले, तेव्हा आंतरपृष्ठाच्या विनिर्देशात मेट्रिक एकक लिहिलेलेच होते. जमिनीवरच्या एका प्रणालीने पाउंड-सेकंदांत आकडे दिले आणि पुढच्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. तेव्हा एकक केवळ वर्णनात ठेवून भागणार नाही. ते फील्डच्या नावातच यावे, ‘क्षेत्र’ नव्हे तर ‘क्षेत्र_हेक्टर’, आणि एककाविना आकडी फील्ड दिसली की बिल्ड अडावा. वर्णन कोडच्याच फाइलमध्ये राहावे, म्हणजे उद्या शासन निर्णयाने मुदत ४८ तासांवरून बदलली तर तपासणाऱ्याच्या नजरेसमोर दोन्ही ओळी एकत्र येतील. आज अनेक निविदांत डॉक्युमेंटेशन हे प्रकल्पाच्या शेवटच्या हप्त्यासोबत सोपवायचे बाड असते. ते पहिल्या हप्त्याच्या अटींत यायला हवे.