सूर्यास्ताआधी कितीही?



"सरकारचा आहार दर थोड्या वर्षांनी बदलतो, आपला धर्म बदलत नाही." मंदिरातून परतताना हे मी परवा तिसऱ्यांदा ऐकलं. बोलणाऱ्या वहिनींचे गुडघे वजनाने दुखतात. माझेही दुखत होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2011 ची 15 सूत्रं 2024 मध्ये 17 झाली, खरं आहे. मग? नवं कळलं की बदलायला नको? मी त्यातलं ताट तीन महिने करून बघितलं. 2000 कॅलरींसाठी दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी 85, भाजी 400, तेल-तूप 27. कंदमुळाशिवाय भाजी भरते. दोडका, दुधी, पडवळ, गवार आहेतच. घोडं अडलं तेलापाशी. आम्हा चौघांना महिन्याला पाच लिटर, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम! तूप वेगळंच.

आपण दिवसाउजेडी जेवतो, पण रात्री भूक लागेल या भीतीने दोन जेवणांचं एकदाच. अष्टमीला हिरवी भाजी नाही, म्हणून पुऱ्या. धर्माने कमी खायला सांगितलं नाही का? बारा तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. पण उपवासाचा सत्कार होतो, अर्धी भाकरी मागे ठेवणारीला कोण हार घालतंय? मग धर्माचं नाव पुढे करून त्या ताटाला नावं का ठेवायची?

माझं वजन तीन किलो उतरलं. आमटीवर तवंग नाही म्हणून सासूबाई मात्र अजून रुसलेल्या आहेत.