पोटशर्यतींचा प्रश्न आणि शंकरपटाचे भवितव्य

रब्बीच्या पेरण्या आटोपल्या की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, शंकरपटाचे वेध लागतात. गावोगावी बैठका बसतात, वर्गणीच्या याद्या होतात आणि पहिल्या बक्षिसाचा आकडा किती ठेवावा यावर रात्र रात्र खल चालतो. शेजारच्या गावाने मोटारसायकल ठेवली, तर आपण ट्रॅक्टर का ठेवू नये, इथवर चढाओढ जाते. मात्र खुल्या गटाच्या मुख्य शर्यतीबरोबर दुसऱ्या कोणत्या शर्यती ठेवावयाच्या, हा विषय बैठक उठता उठता निघतो आणि दोन वाक्यांत निकालात निघतो. ‘ठेवा एक गावगट,’ एवढ्यावर काम भागते. वास्तविक पटाचे बरेवाईट ठरते ते मुख्य शर्यतीवर नव्हे, तर या पोटशर्यतींच्या निवडीवर, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. मोटारींच्या शर्यतीत जगात अव्वल मानल्या जाणाऱ्या फॉर्म्युला वनचा कार्यक्रम तीन दिवस चालतो; पण मुख्य शर्यत साधारण दोन तासांत उरकते. उरलेल्या वेळात काय दाखवावे, याचा तेथील व्यवस्थापकांनी बारकाईने विचार केलेला दिसतो. अनेक ठिकाणी त्याच धावपट्टीवर फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला थ्री या खालच्या पायरीच्या शर्यती होतात, आणि २०२१ पासून काही ठिकाणी केवळ स्त्रियांची शर्यतही होऊ लागली आहे. या शर्यती म्हणजे नुसती करमणुकीची भरती नव्हे. ती शिडी आहे. २०१७ साली फॉर्म्युला टूचा विजेता ठरलेला शार्ल लक्लेर आणि २०१८ चा विजेता जॉर्ज रसेल हे दोघेही पुढे फॉर्म्युला वनमध्ये विजयी झाले. मुंबईचा जेहान दारूवाला याने डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधील साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, तीही अशाच एका पोटशर्यतीत. मुख्य शर्यतीसाठी आलेल्या प्रेक्षकांसमोर उद्याच्या खेळाडूला उभे करणे, हे या योजनेचे मर्म होय.

आपल्या देशाने याच्या उलट धडाही पाहिला आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध सर्किट उभे राहिले आणि २०११, २०१२ व २०१३ अशी सलग तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्यानंतर ती आली नाही. करांचे वाद आणि पैशाची ओढाताण ही कारणे होतीच. परंतु शिखर आणले आणि पायऱ्या बांधल्या नाहीत, तर शिखर हलताच हाती काही उरत नाही, हेही त्यातून दिसून आले.

आता शंकरपटाकडे वळू. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबरच बैलगाड्यांच्या शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याच वर्षी परवानग्या अडल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरविली. कायद्यातील अटींची काटेकोर अंमलबजावणी व्हावी आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना जबाबदार धरावे, असेही त्याच निकालात बजावले आहे. या साऱ्या लढाईत शर्यतीच्या बाजूने मुख्यतः दोन मुद्दे मांडले गेले. एक परंपरेचा, दुसरा देशी गोवंशाच्या जपणुकीचा.

येथेच पोटशर्यतींचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, तो नैतिक होतो. आजच्या खुल्या गटात धावणाऱ्या जोड्या बहुधा शेतीकामाच्या नसतात. लाखांच्या भावाने त्यांची खरेदी-विक्री होते, त्यांना वेगळा खुराक असतो आणि त्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वाहनातून फिरतात. त्यांच्या मालकांचा हेवा करण्याचे कारण नाही. हौसेला मोल नसते. पण गोवंश जपला जातो तो अशा मोजक्या गोठ्यांत नव्हे. पाच एकर कोरडवाहूवर सोयाबीन-कपाशी घेणारा आणि ट्रॅक्टरच्या जमान्यातही दावणीला जोडी ठेवणारा शेतकरी तो जपतो. अशा दावणी झपाट्याने रिकाम्या होत आहेत. पशुगणनेनुसार २०१२ साली देशात नर गोवंश सुमारे पावणेसात कोटी होता. २०१९ मध्ये तो पावणेपाच कोटींच्या आसपास आला. सात वर्षांत दोन कोटींची घट! न्यायालयात ज्याच्या नावाने दाद मागितली, त्या शेतकऱ्याच्या बैलाला पटात मानाची जागा नसेल, तर ती दाद खोटी ठरते.

मग पोटशर्यती कोणत्या असाव्यात? पहिली जागा अर्थातच शेतीकामाच्या जोड्यांची. गावगट किंवा तालुकागट हा नावापुरता न ठेवता, ज्या जोडीने त्या हंगामात औत ओढले तिच्यासाठीच तो राखून ठेवावा. जोडी कोणाची आणि कोठली हे गावाला ठाऊक असते. पंचांनी भीड बाळगली नाही तर लबाडी फार काळ टिकत नाही. या गटाच्या विजेत्यास पुढील पटाच्या खुल्या गटात विनाशुल्क प्रवेश द्यावा. शिडी म्हणतात ती हीच. एकूण बक्षिसांचा निदान तिसरा हिस्सा या गटाकडे जावा. एका विजेत्याला ट्रॅक्टर देण्यापेक्षा वीस जणांच्या घरी वर्षभराची ढेप पोचली, तर गोवंशाची अधिक सेवा होईल.

दुसरी जागा स्त्री धुरकऱ्यांची. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात स्त्रियांनी जोड्या हाकल्या आहेत आणि ते पाहण्यास गर्दीही लोटली आहे. शेतीतील निम्म्याहून अधिक कष्ट जिच्या वाट्याला येतात, तिने पटाच्या दिवशी केवळ भाकरी बांधून द्यावी, हे जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या जिल्ह्यास शोभत नाही. मात्र ही शर्यत कौतुकाची किंवा थट्टेची होऊ नये. तिला तेच घड्याळ, तेच पंच आणि तसेच बक्षीस असावे.

काय नसावे, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बैलाबरोबर घोडा जुंपण्याचे प्रकार सर्वथा वर्ज्य असावेत. दोन भिन्न गतींच्या प्राण्यांना एका जुवाखाली आणणे हा क्रूरपणाच आहे. दोनदाती, चारदाती अशा वयवार गटांचा मोह होतो. परंतु कोवळ्या गोऱ्ह्याला पटात उतरविण्याची घाई पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय करू नये. तरुणांना यंत्राची हौस असेल, तर ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे घेण्याची स्पर्धा खुशाल ठेवावी. त्यात वेगापेक्षा कसब लागते. पण ती वेगळ्या शेतात व वेगळ्या दिवशी व्हावी. इंजिनाच्या गडगडाटाजवळ बैल उभे करणे धोक्याचे आहे.

इतके गट बसवायचे तर वेळ कोठून आणावा, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जोडीची धाव काही सेकंदांची. पण जोडी आणणे, जुंपणे, सोडणे व वेळ नोंदविणे यांत चार मिनिटे सहज जातात. शंभर जोड्यांना चारशे मिनिटे, म्हणजे जवळजवळ सात तास लागतात. हिवाळ्याच्या आखूड दिवसात याहून अधिक जोड्या घेतल्या की उन्हात ताटकळलेले बैल, वैतागलेले धुरकरी आणि अंधारातली शेवटची धाव ठरलेली! म्हणूनच पाच गटांचा पसारा न मांडता तीनच गट ठेवावेत आणि खुल्या गटाच्या नोंदी मर्यादित कराव्यात. प्रवेशशुल्कावर पाणी सोडावे लागेल, हे खरे. पण आज ही मर्यादा पाळली जात नाही, आणि तिची किंमत गावगट मोजतो. त्याची पाळी दिवेलागणीला येते, तेव्हा प्रेक्षक घरी गेलेले असतात. मोटारींच्या शर्यतीत खालची पायरी आधी आणि शिखर शेवटी, असा क्रम असतो. पटातही सकाळची थंड वेळ शेतकऱ्याच्या जोडीला द्यावी.

याला एक गंभीर बाजूही आहे. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा भूमीत केवळ अव्वल बक्षिसाचा डांगोरा पिटला गेला, तर उद्या एखादा तरुण कर्ज काढून पटाची जोडी घेईल. आपल्या शेतातल्या बैलालाही पटात पत आहे असे त्याला दिसले, तर तो हातची जोडी विकणार नाही आणि न पेलणारी घेणारही नाही.

शर्यतीस परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावी लागते, बैलांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी लागते. त्या अर्जासोबत गटांचा क्रम, नोंदींची कमाल संख्या आणि बक्षिसांची वाटणीही आधी जाहीर करण्याचा पायंडा या जिल्ह्यातील मंडळांनी स्वतःहून पाडावा. कायद्याने तसे सांगण्याची वाट पाहू नये. बंदीच्या वर्षांत आपण सांगत होतो, की पट हा बैलाच्या आणि बळीराजाच्या मानाचा सोहळा आहे. ते शब्द खरे करून दाखविण्याची संधी आता प्रत्येक गावाच्या हाती आहे, आणि ती वाया घालविल्यास पुढच्या वेळी न्यायालयात सांगण्यासारखे आपल्यापाशी फारसे काही उरणार नाही.